नाणेघाट ते हायड्रोजन: जुन्नर-आंबेगावच्या वाटांचे इंधन

नाणेघाटात गेलेला माणूस आधी लेण्यातला शिलालेख पाहतो, आणि ते साहजिक आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात सातवाहन राणी नागनिकेने यज्ञांची नावे आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांची मोजदाद कोरवून ठेवली आहे. मग घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण दाखवला जातो. जकातीची नाणी त्यात पडत असत, असे परंपरा सांगते. वाहतुकीचा इतिहास ज्याला शोधायचा आहे त्याने मात्र आसपासच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी जास्त वेळ थांबावे. वैशाखऱ्याकडून चढून आलेला लादलेला बैल माथ्यावर पोहोचतो तेव्हा त्याला पाणी आणि चारा एवढेच हवे असते. कल्याण-सोपाऱ्याची बंदरे जुन्नरच्या बाजारपेठेशी जोडणारा हा मार्ग शतकानुशतके वाहता राहिला, याला जीवधन-चावंडसारख्या किल्ल्यांचा पहारा जितका कारण, तितकीच ही टाकी कारण. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत वाहतुकीची जी जी साधने आली, ती टिकली की गेली हे साधनाच्या गुणांपेक्षा त्याचे इंधन वाटेत कसे मिळते, कसे साठवता येते आणि कोणाला भरता येते यावर ठरत आले. हायड्रोजनवर धावणाऱ्या गाड्या आता पुण्यापर्यंत येऊन ठेपल्या आहेत. त्या पुढे राजगुरुनगर-मंचर-नारायणगावच्या रस्त्याला लागतील का, याचे उत्तर मी या जुन्या वाटांच्या हिशेबात शोधतो आहे, आणि ते उत्तर आजच्या उत्साहाशी जुळत नाही.

बैलाच्या काळाचा हिशेब सोपा होता. इंधन वाटेवरच उगवे. लमाणांचे तांडे गोण्या लादलेली जनावरे घेऊन चालत, मुक्कामाला माळरानावर सोडत आणि सकाळी पुन्हा लादत. चारा विकत घ्यावा लागला तरी तो गावोगाव मिळे, त्यासाठी कोणा एका मालकाच्या दारात जावे लागत नसे. ही व्यवस्था मोडली ती बैल अशक्त झाला म्हणून नव्हे. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, 1863 मध्ये बोरघाटाचा चढ रुळांनी पार केला, 1865 मध्ये थळघाटही झाला. जुन्नर या दोन लोहमार्गांच्या बरोबर मध्ये सापडले. आगगाडीबरोबर कोळशाचे ढीग आणि पाण्याच्या टाक्या ठरावीक स्थानकांवर उभ्या राहिल्या, माल त्या स्थानकांकडे वळला, आणि ज्या वाटेला स्थानक नव्हते ती वाट ओस पडत गेली. नाणेघाटाची आजची शांतता तेव्हापासूनची आहे. रेल्वे या दोन तालुक्यांत आजतागायत आलेली नाही. म्हणून इथल्या इंधनाचा पुढचा सगळा इतिहास हा केवळ सडकेचा इतिहास आहे.

त्या इतिहासातले एक प्रकरण आज जवळजवळ विसरले गेले आहे, आणि हायड्रोजनची बाजू मांडणाऱ्यांनी ते मुद्दाम वाचावे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले तेव्हा देशभर, आणि मुंबई इलाख्यातही, मोटारी कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या. बसच्या मागे किंवा बाजूला लोखंडी भट्टी बसवलेली असे. तिच्यात लाकडी कोळसा घालायचा, तो पेटवायचा, हवेचा झोत द्यायला पंखा हाताने फिरवत राहायचे, आणि ज्वलनशील वायू तयार झाल्यावर इंजिन सुरू करायचे. त्या वायूत निम्म्याहून अधिक भाग निरुपयोगी नायट्रोजनचा. जळणाऱ्या भागात मुख्य कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याच्या जोडीला साधारण दहावा हिस्सा हायड्रोजन. म्हणजे हायड्रोजन जाळून गाड्या हाकण्याचा प्रयोग आपल्या रस्त्यांवर ऐंशी वर्षांपूर्वीच, अशुद्ध स्वरूपात का होईना, झालेला आहे. कल्पना तर त्याहून जुनी. फ्रान्स्वा इझाक दे रिवाझ याने 1807 च्या सुमारास हायड्रोजनवर चालणारे इंजिन बनवले होते, आणि 1860 च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले त्यांतल्या दगडी कोळशाच्या वायूत जवळपास निम्मा हायड्रोजनच होता. युद्धकाळातल्या त्या बसचे काय झाले, हे जास्त महत्त्वाचे. इंधन स्थानिक होते, सह्याद्रीच्या रानातल्या कोळसाभट्ट्यांत तयार होणारे होते, परदेशावर अवलंबून नव्हते. आज हायड्रोजनच्या बाजूने जे जे म्हटले जाते ते सगळे त्याच्याबद्दल म्हणता आले असते. तरी पेट्रोल पुन्हा मिळू लागताच भट्ट्या उतरवल्या गेल्या. इंजिनाची ताकद त्या वायूवर बरीच कमी भरे, चढाला गाडी धापा टाकी, राख आणि डांबर साफ करण्यात तास जाई, आणि त्या कोळशासाठी रान तुटत होते ते वेगळेच. स्थानिक असणे एवढा एकच गुण इंधन टिकवायला पुरला नाही.

पेट्रोल आणि डिझेल का टिकले, हे या तुलनेत स्पष्ट दिसते. ते हजारो मैलांवरून येते, महाग पडते, पण एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा मावते आणि ते साध्या पत्र्याच्या डब्यात, हवेच्या साध्या दाबाला, शेताच्या बांधापर्यंत नेता येते. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव एसटी पोहोचली, ती या सोयीच्या जोरावर. घोड, मीना, कुकडी या नद्यांवर डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव ही धरणे झाली, कालवे आले, आणि ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो आला. हंगामात नारायणगावच्या टोमॅटो उपबाजारात संध्याकाळी उभे राहिले तर इथली वाहतूक कशी आहे ते एका नजरेत कळते. वीस-वीस किलोचे क्रेट रचलेले पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टरची ट्रॉली, मुंबई-गुजरातकडे निघायला उभे असलेले आयशर. यातली बहुतेक गाडी एकेका माणसाच्या मालकीची, कर्जाच्या हप्त्यावर घेतलेली. माल शेतातून कधी निघेल ते तोडणीवर, कुठे जाईल ते भावावर ठरते. अशा मालकाला मिळेल तिथे, पाच मिनिटांत, कोणत्याही वेळी भरता येईल असेच इंधन परवडते, कारण टोमॅटो दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

आता हायड्रोजन या वाटेवर ठेवून पाहू. एका किलो हायड्रोजनमध्ये 33 युनिट ऊर्जा असते, डिझेलच्या किलोच्या जवळपास तिप्पट. जाहिरातीत हाच आकडा असतो. पण तो वायू इतका विरळ की बसच्या टाकीत तो 350 पट आणि मोटारीच्या टाकीत 700 पट दाबाखाली कोंबावा लागतो, आणि एवढे करून 700 च्या दाबाला एका लिटरमध्ये सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे 1.3 युनिटच्या आसपास ऊर्जा मावते. डिझेलच्या लिटरशी तुलना केली तर सातवा-आठवा भाग. नेहमीच्या पोलादी नळकांड्यांच्या ट्रेलरवर हायड्रोजन रस्त्याने आणायचा तर एका खेपेत तीन-चारशे किलो येतो. डिझेलचा एक टँकर जेवढे काम करतो तेवढ्याला असे दहाएक ट्रेलर लागतील. त्यात हा वायू पोलादाला ठिसूळ करतो, त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, आणि हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेट घेतो. हलका असल्याने मोकळ्यावर तो झपाट्याने वर निघून जातो, हे खरे आणि दिलासा देणारे आहे. पण तालुक्याच्या गॅरेजमध्ये, पत्र्याच्या छपराखाली, तो वर जाऊन छपराशीच साठेल. या अडचणींवर इलाज आहेत. ते इलाज महाग, प्रशिक्षित माणसांवर अवलंबून आणि एका ठिकाणी खिळलेले आहेत, आणि नारायणगावच्या पिकअपवाल्याला नेमके तेच चालत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो असा, की हायड्रोजन विश्वातले सर्वांत विपुल मूलद्रव्य आहे, मग टंचाई कसली? या आक्षेपाचे उत्तर जुन्नर तालुक्यातच उभे आहे. खोडदजवळ प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली ती मुख्यतः विश्वातला हायड्रोजन शोधायला. हायड्रोजनचा उदासीन अणू 21 सेंटिमीटर तरंगलांबीची अतिशय क्षीण रेडिओलहर सोडतो; दूरच्या दीर्घिकांकडून येताना ती आणखी लांब होते, आणि ती ऐकायला गोंगाट कमी असलेली, डोंगरांनी आडोसा दिलेली जागा म्हणून हा परिसर निवडला गेला. 2020 मध्ये इथल्या नोंदींवरून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत सरासरी किती हायड्रोजन होता याचे मोजमाप प्रसिद्ध झाले. दीर्घिकांतला तो हायड्रोजन मुक्त आहे. पृथ्वीवरचा जवळजवळ सगळा हायड्रोजन पाण्यात, नैसर्गिक वायूत, वनस्पतीत बांधलेला आहे, आणि त्याला सोडवायला जेवढी ऊर्जा घालावी लागते तेवढी तो परत कधीच देत नाही. तो जमिनीतून उपसून काढायचा साठा म्हणून आपल्या हाती येत नाही. दुसरीकडे तयार केलेली ऊर्जा त्याच्यात भरून न्यायची असते, आणि ही भराई तोट्याची आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सीएनजीबद्दलही असेच म्हटले जात होते, आणि आज पुणे-नाशिक महामार्गावर सीएनजी मिळतो, त्यासाठी रांगा लागतात. दाबाखालचा वायू खेड्यापाड्यांपर्यंत जाऊ शकतो हे सीएनजीने सिद्ध केले, हे मी मान्य करतो. पण सीएनजी का पसरला हे पाहावे. त्याचा दाब दोनशे ते अडीचशे पट, त्याच दाबाला त्याच टाकीत तो हायड्रोजनच्या तिप्पट ऊर्जा धरतो, आणि मुख्य म्हणजे तो जुन्याच पेट्रोल इंजिनात थोड्या बदलाने चालतो. पंप मिळाला नाही तर गाडी पेट्रोलवर टाकून घरी येता येते. इथेनॉलचेही तसेच. साखर कारखान्यांच्या मळीपासून आणि रसापासून बनलेले इथेनॉल 2022 मध्ये पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांवर आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोहोचले, कारण ते जुन्याच टँकरने येते आणि जुन्याच पंपातून जाते. वीस टक्क्यांबद्दल गाडीमालकांच्या तक्रारी आहेत आणि उसाच्या पाण्याचा प्रश्न तर आहेच. तरी ते रुजले. जुन्या व्यवस्थेच्या खांद्यावर बसून येणारे इंधन लवकर रुजते. हायड्रोजनला असा खांदा नाही. त्याला इंजिनाच्या जागी इंधनघट, टाकीच्या जागी कार्बनतंतूंचे नळकांडे आणि पंपाच्या जागी छोटा कारखानाच लागतो, आणि हे सगळे एकाच वेळी.

तिसरा आक्षेप स्वावलंबनाचा आहे आणि तो मला मनापासून जवळचा वाटतो: हायड्रोजन इथेच बनवावा. आंबेगावात भीमाशंकर आणि जुन्नरमध्ये विघ्नहर असे सहकारी साखर कारखाने आहेत, बगॅस आहे, ऊन भरपूर आहे. मग बाहेरून काही आणायचेच कशाला? इथे पाण्याची भीती घातली जाते, ती मात्र अवास्तव आहे. एका किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या हिशेबाने 9 लिटर पाणी लागते, शुद्धीकरण धरून दुपटीच्या आसपास. उसाच्या एका शेताच्या पाळीपुढे हे काहीच नाही. डिंभे धरणाच्या उशाशी असलेल्या आदिवासी वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो तो हायड्रोजनमुळे लागणार नाही आणि हायड्रोजन टाळल्याने थांबणारही नाही. खरी टंचाई विजेची आहे. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला आणि तो दाबून भरायला साधारण 55 युनिट वीज लागते. त्या एका किलोवर इंधनघटाची बस दहा-अकरा किलोमीटर जाईल. तीच 55 युनिट बॅटरीत भरली तर विजेवरची बस चार्जिंगची घट धरूनही चाळीसएक किलोमीटर जाते. एसटीने आपली पहिली शिवाई ई-बस 1 जून 2022 ला पुण्याहून अहमदनगरलाच सोडली, म्हणजे 1948 च्या मार्गावर. नवे इंधन कुठे आधी आजमावायचे याची समज त्या निवडीत दिसते.

आणि या भागात विजेचा प्रश्न बसपुरता नाही. उसात बिबट्या वाढला, जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले वाढले, माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र चालवावे लागते. शेतीपंपाला थ्री फेज लाइट रात्रीची आली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन, काठी आपटत बारे द्यायला जावे लागते. दिवसा वीज द्या, ही इथली मागणी जिवाच्या भीतीतून आलेली आहे. 2017 पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूही दिवसाची वीज हाच. या तालुक्यांच्या उन्हातून निघणाऱ्या प्रत्येक युनिटवर पहिला हक्क त्या पंपाचा आहे. ते युनिट हायड्रोजनमध्ये घालून त्यातले दोन तृतीयांश वाटेत गमावायचे आणि मग गाडी हाकायची, हे मला पटत नाही.

तर मग हायड्रोजनचा या मुलखाशी काही संबंधच नाही का? संबंध आहे, आणि तो फार जुना, रोजचा आहे. युरियाची 45 किलोची गोणी घ्या. तो युरिया अमोनियापासून बनतो, अमोनिया हायड्रोजनपासून, आणि हायड्रोजन आपल्याकडे बहुतांशी नैसर्गिक वायूपासून. एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडतो, म्हणजे इंधनघटाची बस पुण्याहून राजगुरुनगरच्या पुढे जाईल एवढा. देशात दरवर्षी साठएक लाख टन हायड्रोजन वापरला जातो तो जवळजवळ सगळा तेलशुद्धीकरण आणि खतांत. घाटाखाली अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा युरिया तयार होतो, ट्रॉम्बेला सुफला. कांद्याच्या रोपाला सुफला टाकणारा ओतूरचा शेतकरी हायड्रोजनचा ग्राहक कधीचाच आहे. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एक किलो हरित हायड्रोजन खत कारखान्यात वापरला तर तेवढा धूर वाचतो. तोच किलो बसमध्ये वापरला तर अकरा किलोमीटरचे सुमारे अडीच लिटर डिझेल, म्हणजे साडेसहा किलो वाचतो. आणि हायड्रोजन न बनवता ती वीज सरळ ई-बसला दिली तर जवळपास 24 किलो. हिशेब ढोबळ आहे, पण क्रम बदलेल इतका ढोबळ नाही. युरियाला कार्बनही लागतो, त्यामुळे हरित अमोनिया आधी 18:46 किंवा 10:26:26 सारख्या खतांत सोपा जाईल. 2025 मध्ये देशातल्या 13 खत कारखान्यांसाठी वर्षाला 7.24 लाख टन हरित अमोनियाचे लिलाव झाले ते याच दिशेने. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे 19,744 कोटी रुपये या कामी लागले तर त्याचा लाभ जुन्नरच्या शेतापर्यंत गोणीतून, कोणताही नवा पंप न उभारता पोहोचतो.

जड वाहतुकीचा मुद्दा मात्र मी उघडा ठेवतो. चाळीस टनी ट्रकला पुरेशी बॅटरी द्यायची तर तिचे वजनच मालाची जागा खाते, आणि ठरलेल्या दोन टोकांमध्ये रोज फिरणाऱ्या ट्रकना दोन टोकांना दोन भरणा केंद्रे पुरतात. इथल्या कांद्या-द्राक्षांचे कंटेनर न्हावाशेवाला जातात, ते अशा वाहतुकीत मोडतात. पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरने, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने, बनवलेली इंधनघटाची बस ऑगस्ट 2022 मध्ये रस्त्यावर दाखवली गेली. यंत्र चालते याबद्दल शंका उरलेली नाही. मार्च 2025 मध्ये केंद्राने 37 हायड्रोजन वाहने आणि 9 भरणा केंद्रांच्या चाचण्या मंजूर केल्या, त्यांत पुणे-मुंबई मार्ग आहे. काहीजण म्हणतात की रखडलेल्या पुणे-नाशिक रेल्वेलाही हायड्रोजनच सोडवील, कारण विजेच्या गाड्यांच्या रेडिओगोंगाटामुळे खोडदच्या दुर्बिणीला बाधा येते म्हणून नारायणगावजवळून जाणारी आखणी अडली. पण इंधनघटाच्या गाडीलाही विजेच्याच मोटारी आणि त्यांची नियंत्रणयंत्रणा असते, तिचा गोंगाट दुर्बिणीला तसाच ऐकू येईल. तेव्हा रेल्वेचा प्रश्न आखणीचा आहे आणि तो आखणीनेच सुटेल. पुणे-मुंबई चाचणीचे आकडे मात्र लोकांसमोर आले पाहिजेत: किलोमागे प्रत्यक्ष किलोमीटर किती, बोरघाटाच्या चढाला खप किती, भरणा केंद्र वर्षातून किती दिवस बंद राहिले, हायड्रोजन कशापासून बनला आणि अनुदान वगळून किलोला किती रुपये पडला. हे आकडे चांगले निघाले तर माळशेजमार्गे मुंबईला जाणाऱ्या जड ट्रकसाठी आळेफाट्याला एक भरणा केंद्र मागण्यात काही गैर नाही. तोवर एसटीच्या नारायणगाव आगारात पैसा घालायचा तर तो चार्जिंगच्या खांबांवर आणि त्यांना दिवसा वीज देणाऱ्या सौर पॅनेलांवर घालावा.